न्यू जर्सी ते टोनावांडा: ईरी कालव्यातून आमची ‘शिंपली’

सोमवार, जर्सी सिटी ते हॅवरस्ट्रॉ

हडसनला नदी म्हणतात, पण न्यूयॉर्कच्या बॅटरीपासून ट्रॉयच्या बंधाऱ्यापर्यंतचे १५३ मैल ती खाडीच आहे. समुद्रापासून इतक्या आत, ट्रॉयलाही पाणी दिवसातून दोनदा चार फुटांच्या वर चढतं आणि उतरतं. वर जाणाऱ्या बोटीला याचा मोठा फायदा होतो. भरती आपल्याबरोबरच वर सरकत असते, त्यामुळे एका जागी सहा तासांत संपणारी भरती आपल्याला त्याहून बराच जास्त वेळ पुढे ढकलत राहते. नवरा वेंगुर्ल्याचा, खाडीकाठी वाढलेला. निघायची वेळ त्यानेच ठरवली. सकाळी पाणी फिरलं आणि आम्ही दोर सोडले.

‘शिंपली’ आमची स्वतःची बोट. ३४ फुटी ट्रॉलर, एकच डिझेल इंजिन, चाल सात-आठ नॉट, जेमतेम दोन माणसं नीट राहतील एवढी केबिन आणि दोन बर्नरची शेगडी. दोघेही निवृत्त झालो तेव्हाच हा प्रवास ठरला होता: हडसनने वर, वॉटरफर्डला ईरी कालव्यात शिरायचं आणि कालव्याच्या पश्चिम टोकाला, टोनावांडाला पोचायचं. त्याला बोट चालवायची होती. मला लॉक बघायचे होते. माझी पहिली नोकरी महाराष्ट्रात पाटबंधारे खात्यातली, नंतरची सगळी वर्षं न्यू जर्सीत डिझाइन ऑफिसमध्ये गेली. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारा. त्याला आपल्याकडे पुस्तकात जलपाश म्हणतात, आणि तो मी आयुष्यभर कागदावरच पाहिला होता.

मॅनहॅटन उजव्या हाताला मागे पडत गेलं. १९३१ सालच्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या पायाशी छोटं लाल दीपगृह उभं आहे. पुलावरून शेकडो वेळा गाडीने गेलो असू, पण ते दिसतं पाण्यावरूनच. डावीकडे पॅलिसेड्सचे उभे काळे कडे सुरू झाले. सह्याद्रीसारखाच हाही लाव्हारस. फरक एवढाच की इथला जमिनीच्या पोटातच थिजला आणि वरची माती झिजून गेल्यावर उघडा पडला. वयाने आपल्या बेसॉल्टच्या कितीतरी आधीचा. टॅपन झीजवळ पात्र तीन मैलांच्या आसपास रुंद होतं, तिथे वाऱ्याने थोडं हलवलं. दुपारी हॅवरस्ट्रॉला नांगर टाकला.

मंगळवार, हॅवरस्ट्रॉ ते किंग्स्टन

आज नदी डोंगरात शिरली. बेअर माउंटन पूल ओलांडला की दोन्ही बाजूंचे डोंगर थेट पाण्यात उतरतात. वेस्ट पॉइंटच्या वळणावर आमच्या खोली मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा भराभर वाढत दोनशे फुटांच्या घरात गेला. नदीची सगळ्यात खोल जागा हीच. १७७८ साली याच वळणावर अमेरिकन सैन्याने लोखंडाची भली मोठी साखळी आडवी बांधली होती, ब्रिटिश जहाजं वर येऊ नयेत म्हणून. जागा का निवडली ते बोटीतून लगेच कळतं. वळण काटकोनात आहे, प्रवाह जोराचा आहे आणि वारा दिशा बदलतो. शिडाच्या जहाजाला इथे वेग तोडावाच लागणार.

पुढे पोलेपेल बेटावर बॅनरमनच्या जुन्या शस्त्रगोदामाचे अवशेष, मग पोकिप्सीला डोक्यावरून जाणारा १८८९ सालचा रेल्वेपूल. २००९ पासून त्यावरून लोक चालत नदी पार करतात. वरून कुणीतरी हात हलवले, आम्हीही हलवले. संध्याकाळी किंग्स्टनच्या रॉनडाउट ओढ्यात, दीपगृहाच्या आत वळून मुक्काम.

बुधवार, किंग्स्टन ते वॉटरफर्ड

लांबचा टप्पा, बहुतेक वेळ सुकाणू आलटून पालटून धरण्यात गेला. सॉगर्टीजचं दीपगृह, नदीच्या मधोमध उभं असलेलं हडसन-अथेन्सचं दीपगृह, मग ऑल्बनीचे धक्के. दुपारनंतर ट्रॉयचं लॉक आलं. व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १३ लावून परवानगी मागितली, हिरवा दिवा लागला आणि आत गेलो. सुमारे १४ फुटांची चढण. मागचं दार बंद झालं आणि त्याबरोबर भरती-ओहोटी संपली. नवऱ्याने भरतीचं कोष्टक मिटून ड्रॉवरमध्ये टाकलं.

वॉटरफर्डचा धक्का गावाचा आहे, येणाऱ्या बोटींना तिथे मोकळेपणाने बांधू देतात. आमच्या पुढे-मागे बांधलेल्या बहुतेक बोटी ‘ग्रेट लूप’वाल्यांच्या होत्या. अमेरिकेच्या पूर्व भागाला पाण्यातून पूर्ण वेढा घालणारी ही मंडळी, त्यातही बरीचशी आमच्यासारखी निवृत्त जोडपी. चहा झाला, पोहे झाले, ओळखी झाल्या.

गुरुवार, वॉटरफर्ड

मुद्दाम मुक्काम. कालव्यात शिरण्याआधी त्याचा इतिहास पायी बघायचा होता.

४ जुलै १८१७ ला रोम या गावात पहिली कुदळ पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिकडे खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. न्यूयॉर्कचा गव्हर्नर डीविट क्लिंटन या कालव्यामागे हट्टाने उभा होता. लोक त्याला ‘क्लिंटनचा खंदक’ म्हणून हिणवत. ३६३ मैल लांब, ४० फूट रुंद, फक्त ४ फूट खोल, ८३ लॉक, आणि देशात शिकलेले इंजिनिअर जवळपास नाहीतच. बेंजामिन राइट आणि जेम्स गेडीस हे मुख्य लोक जमिनीची मोजणी करणारे, कोर्टात न्यायाधीश म्हणून बसलेले. कॅनव्हस व्हाइट हा तरुण इंग्लंडला जाऊन तिथले कालवे पायी फिरून बघून आला आणि नंतर त्याने इथल्याच एका चुनखडीपासून पाण्याखाली घट्ट होणारं सिमेंट तयार केलं. ते नसतं तर हे लॉक काही वर्षांत ढासळले असते. काम करता करता हे लोक इंजिनिअर झाले. मला या गोष्टीचं मनापासून कौतुक वाटतं.

२६ ऑक्टोबर १८२५ ला बफेलोहून ‘सेनेका चीफ’ ही बोट निघाली आणि नोव्हेंबरात क्लिंटनने न्यूयॉर्कच्या समुद्रात ईरी सरोवराचं पाणी ओतलं. बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल आणायला सुमारे शंभर डॉलर पडत, ते दहाच्या आसपास आले. देशातलं सगळ्यात मोठं बंदर म्हणून न्यूयॉर्क शहराचं स्थान पक्कं झालं ते यामुळे. ज्यांच्या जमिनीतून हा कालवा गेला त्या हॉडेनोसोनी (इरोक्वॉय) या मूळ रहिवासी लोकांना मात्र याच काळात आपला मुलूख सोडावा लागला. काठावरच्या फलकांवर हे आता लिहिलेलं असतं, आणि ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आज आपण जातो तो कालवा १९१८ साली खुला झालेला, रुंद आणि खोल केलेला. इथूनच उत्तरेला जाणाऱ्या जुन्या शँप्लेन कालव्याचा एक तुकडा दोन नंबरच्या लॉकशेजारीच आहे. दगडी भिंती इतक्या अरुंद की आमची बोट त्यात जेमतेम मावली असती. आता त्यातून जादा पाणी खाली सोडतात.

शुक्रवार, वॉटरफर्ड ते स्कोशिया

ज्यासाठी आले होते ते आज. वॉटरफर्डला दीड मैलाच्या आत पाच लॉक एकापाठोपाठ आहेत, मिळून १६९ फूट चढण. एकदा सुरुवात केली की मध्ये कुठे थांबायचं नाही, सहा नंबरच्या लॉकवरच बाहेर पडायचं.

आत शिरलो की दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या ओल्या, शेवाळलेल्या भिंती. वरून जाड दोर सोडलेले असतात, खाली वजन बांधलेलं. नाकाशी मी, मागे नवरा. इंजिन बंद. हातात मोजे हवेतच, कारण दोराला शतकाचा चिखल लागल्यासारखा बुळबुळीतपणा असतो. मागची दारं कुरकुरत मिटतात. मग काही क्षण काहीच होत नाही, आणि अचानक बोटीखालून पाणी उसळी मारतं. भिंतीच्या पोटातून गेलेल्या बोगद्यांच्या झडपा उघडलेल्या असतात. वरच्या पातळीचं पाणी तळातून आत येतं आणि बोट भिंतीपासून बाजूला ओढू लागते.

“दोर आवळ गो!” मागून आवाज.

“आवळलाय रे, तू तुझा फेंडर बघ.”

भिंत खाली सरकत जाते. कोरडं काँक्रीट दिसतं, मग कठडा, मग हिरवळ, मग लॉकवाल्याचे बूट. भरलेल्या हौदात बोट स्थिर होते आणि पुढची दारं उघडतात.

यात कुठेही पंप नाही. दारं आणि झडपा हलवायला लागते तेवढीच वीज. एवढं वजन उचलतं ते पाणी स्वतः, वरून खाली यायच्या ओढीने. हे सूत्र मी परीक्षेत लिहिलं होतं. पायाखाली ते होताना पाहणं वेगळं.

तिसऱ्या लॉकवरच्या माणसाला मी पाटबंधाऱ्यातली म्हटल्यावर त्याने वर बोलावून नियंत्रणाची पेटी उघडून दाखवली. शतकापूर्वीच्या धाटणीचे स्विच, जाड तांब्याच्या पट्ट्या, पितळ घासून लखलखीत. “हिवाळ्यात आम्ही सगळं सुटं करतो, साफ करतो, परत जोडतो,” तो म्हणाला. पाणी काढून टाकलेल्या लॉकच्या तळाशी उतरून ते दारांची दुरुस्तीही करतात. खासगी बोटींना २०१७ पासून टोल नाही, हे सगळं राज्याच्या सार्वजनिक वीज प्राधिकरणाच्या पैशावर चालतं. मला ते योग्य वाटलं. सार्वजनिक बांधकाम उद्घाटनाच्या दिवशी पूर्ण होत नाही, ते दर हिवाळ्यात पुन्हा बांधावं लागतं. आपल्याकडे धरणं झाली आणि चाऱ्या गाळाने बुजल्या, हे मी फार जवळून पाहिलंय. त्या पितळेकडे बघताना तेच मनात येत होतं.

शनिवार, स्कोशिया ते कॅनाजोहारी

आता मोहॉक नदीतूनच रस्ता. आठ नंबरच्या लॉकपासून नदीवर लोखंडी पुलासारखे बंधारे दिसू लागतात. पुलावरून नदीत खांब आणि पोलादी पत्रे सोडायचे, पाणी तुंबवायचं आणि कालवा बंद झाला की सगळं वर उचलून घ्यायचं, म्हणजे बर्फ आणि पूर मोकळेपणाने जातात. हा आपला कोल्हापुरी बंधाराच. तिकडे पावसाळा सरला की बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात, इकडे उन्हाळ्यासाठी घालतात आणि थंडीत काढतात. नवऱ्याला मी हे इतक्यांदा सांगितलं की पुढच्या बंधाऱ्यावर त्यानेच “बर्गे!” म्हणून हाक दिली.

फोर्ट हंटरला स्कोहॅरी ओढा येऊन मिळतो. जुना कालवा या ओढ्यावरून दगडी कमानींच्या जलसेतूने जायचा, त्यातल्या काही कमानी अजून उभ्या आहेत. याच ओढ्यावर थोडं वर ५ एप्रिल १९८७ ला हमरस्त्याचा पूल पुरात कोसळला आणि दहा माणसं गेली. खांब मजबूत होते, त्यांच्या पायाखालची माती प्रवाहाने पोखरून नेली होती. पुलाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण शिकवतात. मी बराच वेळ त्या ओढ्याच्या तोंडाकडे बघत राहिले. किती साधं, उथळ पाणी होतं.

रविवार, सोमवार, कॅनाजोहारी

पाऊस. रात्रभर डेकवर ताशा वाजत होता. सकाळी मोहॉक तांबडी झालेली, ओंडके वाहत येत होते आणि पुढचे लॉक बंद केल्याची सूचना आली. दोर दुप्पट केले, दर दोन तासांनी उठून सैल केले. खिचडी, पापड, पत्ते. गावातल्या शेतकऱ्याकडून मक्याची कणसं आणली, तिखट-मीठ-लिंबू लावून भाजली. शेजारच्या बोटीवरच्या आजोबांनी तीन खाल्ली.

मंगळवार, कॅनाजोहारी ते लिटल फॉल्स

पाणी उतरलं. सतरा नंबरचं लॉक साडेचाळीस फुटांचं, या वाटेवरचं सगळ्यात उंच. इथलं खालचं दार बाजूला उघडत नाही, सबंधच्या सबंध उचललं जातं आणि त्याखालून आत जायचं. निथळणारं पाणी थेट डोक्यावर. मी रेनकोट घातला होता, नवरा मुद्दाम भिजला.

वर आल्यावर बोट बांधली आणि शेजारच्या मॉस बेटावर चढलो. खडकात गोल, गुळगुळीत, खोल रांजणखळगे. निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत तसेच, पण खडक निराळा आणि कारागीरही निराळा. हिमयुग संपताना वितळलेल्या बर्फाचं अफाट पाणी या खिंडीतून गेलं आणि भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांनी हे खळगे कोरले. ॲपलाशियन डोंगररांगेतून पश्चिमेला जाणारी इतकी सखल वाट न्यूयॉर्कला मिळाली ती त्या पाण्यामुळे. क्लिंटनचा कालवा इथूनच का गेला याचं उत्तर त्या खळग्यांत आहे.

बुधवार, लिटल फॉल्स ते सिल्व्हन बीच

वीस नंबरचं लॉक चढलं की समुद्रसपाटीपासून ४२० फुटांवर आलो. रोमजवळचा हा माथा. इथून पूर्वेचं पाणी हडसनला आणि पश्चिमेचं ऑन्टारिओ सरोवराला जातं. माथ्यावर पाणी आणायचं कुठून, हा कुठल्याही कालव्याचा खरा प्रश्न, कारण प्रत्येक लॉक भरताना माथ्यावरचंच पाणी खाली जातं. डेल्टा आणि हिंकली या दोन जलाशयांतून ते इथे येतं. एकवीस नंबरला पहिल्यांदा बोट खाली उतरली. उतरणं अगदी शांत, बुडाशी उसळी नाही.

गुरुवार, सिल्व्हन बीच ते बाल्डविन्सव्हिल

ओनायडा सरोवर २१ मैल लांब आणि उथळ, त्यामुळे पश्चिमेचा वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा उठतात. म्हणून उजाडताच निघालो. सरोवर ओलांडेपर्यंत वारा नव्हता. ब्रुअर्टनला धक्क्यावरच्या एकाने दोन ताजे वॉलाय मासे दिले. वेंगुर्ल्याचं कोकम, तिखट, रवा, तव्यावर तळले. नवऱ्याच्या मते माशाला समुद्राची चव नाही, पण ताट स्वच्छ झालं.

थ्री रिव्हर्सला वाट फुटते. बहुतेक लूपवाले उजवीकडे, ऑन्टारिओ सरोवराच्या काठच्या ओस्वेगोला जातात. पश्चिमेला पूल फक्त साडेपंधरा फुटांवर आहेत. आमचा मास्ट आडवा केला की पंधरा. पहिल्या पुलाखालून जाताना दोघांनीही श्वास धरला होता.

शुक्रवार, शनिवार, फेअरपोर्टपर्यंत

मॉन्टेझुमाची दलदल. खुणेच्या खांबांवर ऑस्प्रे या मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याची घरटी, काठावर मोठे निळे बगळे. १८१९ साली इथे खोदकाम करताना शेकडो मजूर तापाने आजारी पडले. त्यातले बरेच आयर्लंडहून आलेले. आता पक्ष्यांसाठी राखीव आहे.

फेअरपोर्टचा १९१४ सालचा उचलता पूल मात्र मन लावून पाहण्यासारखा. रस्ता तिरका, उतरता आणि कालवाही तिरका, म्हणून पुलाच्या जमिनीला एकही काटकोन नाही. कागद-पेन्सिलने हे आरेखन करणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

त्यापुढे पिट्सफर्डच्या अलीकडे कालवा भरावावरून जातो. खाली सत्तर फुटांवर ओढा आणि झाडांचे शेंडे आपल्या पातळीला. १९७४ साली बुशनेल्स बेसिनला कालवा फुटून पाणी घरांत घुसलं. मी पुण्याची, १९६१ चं पानशेत घरात ऐकत वाढलेली. भरावावरून बोट जाताना दोन्ही काठांकडे माझं लक्ष होतं: कुठे ओल, कुठे झाडाची मुळं. ठराविक अंतरावर पाणी अडवायची संकटकालीन दारं टांगलेली दिसली, तेव्हा बरं वाटलं.

पुढचे दिवस, ब्रॉकपोर्ट, मेडिना, लॉकपोर्ट

रॉचेस्टरला जेनेसी नदी कालव्याला आडवी येते आणि दोन्ही एकाच पातळीवर एकमेकांना ओलांडतात. तिथून पश्चिमेला साठ मैल एकही लॉक नाही, फक्त उचलते पूल. एकेका माणसाकडे दोन-दोन पूल असतात. आम्हाला सोडून तो गाडीत बसतो, काठच्या रस्त्याने पुढच्या पुलावर पोचतो आणि आम्ही येईपर्यंत घंटा वाजवत पूल वर घेतो. ताशी दहा मैलांची मर्यादा असल्याने त्याला वेळ पुरतो. तिसऱ्या दिवशी आम्ही एकाला खोबऱ्याच्या वड्या दिल्या, तर पुढच्या पुलावर आमची वाट बघत दुसराच उभा, आणि त्यालाही बातमी पोचलेली.

मेडिनाजवळ बोट बांधून कल्व्हर्ट रोडला चालत गेलो. कालव्याच्या खालून जाणारा हा एकमेव रस्ता, १८२३ सालचा. छतातून थेंब गळत होते, आणि आम्ही ज्यावरून तासाभरापूर्वी आलो होतो तो कालवा डोक्यावर.

लॉकपोर्टला नायगाऱ्याचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तोच कडा आडवा येतो. नेथन रॉबर्ट्सने इथे पाच लॉकच्या दोन शेजारशेजारच्या रांगा बांधल्या, चढायला एक, उतरायला एक. १८४० च्या दशकात त्या मोठ्या करून पुन्हा बांधल्या. त्यातली एक रांग काढून आजची दोन मोठी लॉकं झाली, मिळून जवळपास पन्नास फूट. दुसरी रांग तशीच आहे, लाकडी दारांसकट काही भाग पुन्हा चालता केलेला. आमची बोट काँक्रीटच्या भिंतीआड वर चढत होती आणि शेजारी पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे दगड पायरीपायरीने दिसत होते. एका चिऱ्यावर छिन्नीचे तिरपे घाव स्पष्ट मोजता येत होते.

वर आल्यावर तीन मैल खडक फोडून काढलेली वाट. काळी दारू भरून सुरुंग लावायचे आणि मग फुटलेला दगड उपसायचा. या खाचेतून येणारं पाणी थेट नायगारा नदीचं. तेच पुढे पूर्वेला वाहत जातं आणि वाटेत सफरचंदाच्या बागांना मिळतं. म्हणजे हा शेवटचा टप्पा अजूनही पाटबंधाऱ्याचा कालवा आहे. मला हे आधी माहीत नव्हतं, आणि कळल्यावर फार आनंद झाला.

टोनावांडा

दुपारी दोन्ही काठांना गाव असलेल्या धक्क्यावर दोर टाकले. इंजिनाने ताशी दोन-अडीच गॅलनच्या वर डिझेल मागितलं नाही. आल्या आल्या नवऱ्याने तेल बदललं, मी मोजे धुऊन वाळत घातले.

कालवा ऑक्टोबरच्या मध्यावर बंद होतो, त्याआधी वॉटरफर्डखाली उतरायला हवं. परतीच्या वाटेवर कायुगा-सेनेका फाट्याने दोन्ही सरोवरं करायची ठरली आहेत. तिथल्या लॉकवाल्यांसाठी वड्यांचा नारळ बफेलोच्या भारतीय दुकानातून आणायचा आहे. उद्या तेवढं एकच काम.